परवान्याच्या पाठीवर सात टोप्या

लोणावळ्याच्या माझ्या दुकानात विकायला बंदुका मोजक्या होत्या आणि याद्या भरपूर. कोणाचा परवाना कधी संपतो त्याची एक, कोणाची बंदूक जमा आहे त्याची दुसरी, कोणी किती माल नेला त्याची तिसरी. चौथी माझी मी ठेवत असे. कोणत्या गावात, कोणत्या तिथीला, कोणाच्या भातात रानडुकरं शिरली, हे गिऱ्हाईक बोलता बोलता सांगे आणि मी टिपून घेई.

पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळे. वर्षाला दारू किती, छरे किती, बार पेटवणाऱ्या टोप्या किती, हे त्यावर लिहिलेलं असे. मी विकलेला माल परवान्याच्या पाठीवर नोंदवून सही करायची. मावळातल्या माणसांची रीत ठरलेली होती. पन्नास टोप्या लिहिल्या असतील तर पन्नासच्या पन्नास न्यायच्या. दारू पोटमाळ्यावर सादळून दगड झाली तरी चालेल. मला ही उधळमाधळ बघवत नसे. गरजेपुरतं न्या, घरात दारूचा साठा करू नका, असं मी प्रत्येकाला बजावी. सगळे हसून माल बांधून घेत.

ऐकलं एकट्याने, औंढ्याच्या एका शेतकऱ्याने. एका वर्षी त्याने सातच टोप्या नेल्या.

पुढच्या श्रावणात तो तापाने गेला. परवाना माणसाबरोबर संपतो, म्हणून तेरावं झाल्यावर त्याची बायको घोंगडीत गुंडाळलेली बंदूक घेऊन दुकानात आली. मी ती जमा करून घेतली. महिन्याभरात भात निसवून लोंब्या धरणार होतं आणि डुकरांनी बांध आत्ताच उकरला होता. तिला परवाना स्वतःच्या नावावर हवा होता. अर्ज मीच लिहिला आणि तिच्याबरोबर वडगावला कचेरीत गेलो.

साहेबांनी जुना परवाना उलटून पाहिला. पन्नासांची मुभा आणि घेतल्या सात, तेव्हा तुमच्याकडे डुकरांचा त्रास नाही, असं म्हणून त्यांनी अर्ज बाजूला सारला. त्या साताखाली सही माझी होती.

परत येताना ती एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमचं ऐकलं ते चुकलंच म्हनायचं."

दुकानात बसून मी चौथ्या यादीतल्या औंढ्याच्या सगळ्या नोंदी एका कागदावर उतरवल्या. पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा कचेरीत हजर झालो. तिने येताना तुडवलेल्या भाताची पेंढी आणली होती. ती तिने सरळ साहेबांच्या टेबलावर ठेवली. चिखल कागदांवर ओघळला.

माझा कागद चाळून साहेब म्हणाले, तुमची यादी म्हणजे काही सरकारी दफ्तर नव्हे. आणि बंदूक चालवणार कोण?

"मीच," ती म्हणाली. "मालक होतं तवाबी ठासायची मीच. त्यांचा हात थरथरायचा."

परवाना नसताना बंदुकीला हात लावणं हा गुन्हा होता आणि तो तिने भर कचेरीत कबूल केला होता. साहेबांनी टाक दौतीत बुडवला.

मी म्हणालो, "लिहा साहेब. बंदूक तिने आपल्या पायाने आणून जमा केली, हेही लिहा. आणि बाईला परवाना देऊ नये असं कोणत्या कलमात आहे, तेही त्याखाली लिहा. मी नक्कल घेतल्याशिवाय हलणार नाही."

ती खाली बसली. मीही तिच्याशेजारी बसलो. दुपारपर्यंत बसलो. शेवटी साहेबांनी काही न लिहिता टाक खाली ठेवला आणि अर्ज ठेवून घेतला. तिसऱ्या सोमवारी परवाना मिळाला, पण टोप्या वीसच. तोवर वरची दोन खाचरं डुकरांनी साफ केली होती. खालची तीन तिने राखली.

पुढच्या भादव्यात ती दुकानात आली. मी विचारलं, "वहिनी, मागच्यातल्या शिल्लक किती?"

"अकरा."

"मग किती देऊ?"

"वीस. आन पाठीवर ठळक लिवा."

मी ठळक लिहिलं. तेव्हापासून गरजेपुरतं न्या हा शब्द माझ्या तोंडून गेला नाही. उलट कोणी कमी मागितलं तर मीच पूर्ण माल पुढे करी. एकदा दुकान तपासायला आलेल्या अंमलदाराने विचारलं, या एवढ्याशा मुलखात इतकी दारू खपते कशी? मी त्याच्यापुढे त्या सात टोप्यांचा जुना परवाना ठेवला. तो मी बंदुकांच्या कपाटात जपून ठेवला होता.

"यात काय आहे?" तो म्हणाला.

"ज्याने कमी नेल्या त्याचा परवाना," मी म्हणालो. "सातच घेतल्या म्हणजे डुकरं नाहीत, असं तुमच्या कचेरीनेच आम्हाला मोजायला शिकवलं."