शुभांगीची रजा आणि माझा कूलर

माझ्या बायकोला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेमचं मशीन हवं होतं, आणि ते सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ते बंद पाडलं. वर्ध्यात आमच्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

शुभांगी सेवाग्रामला दवाखान्यात सिस्टर आहे. चोवीस वर्षांची नोकरी. मागच्या दिवाळीत आम्ही नागपूरला तिच्या भावाकडे गेलो होतो, तिथे भाचीने टीव्हीवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला आणि स्टेअरिंगचं चाक आत्याच्या हातात दिलं. त्यानंतर शुभांगी जी ओरडली! "अबे सरक! हट बाजूले! येऊन राह्यली मी!" इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला इतकं मोकळं ओरडताना ऐकलं नव्हतं (माझ्यावर सोडून). लग्नानंतर एकदा मी तिला स्कूटर शिकवायला घेतली होती. तेव्हा ओरडण्याचं काम सगळं मीच केलं, आणि नंतर तिने कुठल्याच हॅण्डलला हात लावला नाही. हे मला त्या दिवशी नागपुरात आठवलं आणि फार वाईट वाटलं.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "मले ते मशीन पायजे."

"कायले? ह्या वयात?"

"वय काऊन मधात आणता? मशीन मांगून राह्यली मी, पोट्टं नाई मांगून राह्यली!"

पुढच्या सीटवरच्या दोन बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी तिथल्या तिथे होकार दिला.

तिने मे महिन्यात दहा दिवसांची रजा टाकली. कुणाचं लग्न नाही, कुणाचं ऑपरेशन नाही, कुणाच्या मुलीचं बाळंतपण नाही. नोकरीतली पहिलीच रजा जी तिची स्वतःची होती. "कारण काय लिहिलं?" मी विचारलं. "गाडी शिकतो म्हणून लिहिलं," ती म्हणाली. "खोटं काय त्याच्यात?"

मशीनचे पैसे तिने स्वतःच्या बचतीतून दिले. "चला, एकदाचं झालं," मी म्हणालो. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "पेशंट ॲडमिट झाला म्हणजे नुसतं खाटेचंच बिल येते काय जी?"

आमचा टीव्ही जुना, त्याला मशीनची वायर लागेना. नवा टीव्ही आला. टीव्हीला भिंत चालेना, म्हणून भिंतीला प्लायवूड आलं. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला आणि बराच वेळ आत बघत राहिला. "सर, तुम्ही सेलूच्या शाळेत सायन्सच शिकवता ना?" "हो." "मंग घराले अर्थिंग नाई, हे कसं काय?" अर्थिंग आलं. मागोमाग स्टॅबिलायझर आला, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी येते आणि किती येते याचा भरवसा नाही. मग कळलं की खोक्यात मशीन असतं, गेम नसतो! गेम इंटरनेटवरून उतरवायचा, आणि आमचं इंटरनेट नातेवाइकांचे सुप्रभाताचे फोटो उघडतानाच धापा टाकायचं. ते बदललं. दुसऱ्या माणसांशी शर्यत लावायची तर वर्षाची वर्गणी वेगळी. स्टेअरिंगचं चाक वेगळं. ते चाक आमच्या काचेच्या टेबलाला कसता येईना, म्हणून सुताराकडून सागवानी टेबल! मी प्रत्येक वेळी कपाळाला हात लावत होतो आणि शुभांगी प्रत्येक वेळी शांतपणे म्हणत होती, "हे धरलंच होतं मी." खरंच धरलं होतं. तिने महिनाभर आधी सगळी चौकशी करून ठेवली होती. मी पंधराशे रुपयांचा मिक्सर घेताना तीन वेळा फसलेला माणूस आहे, मला हे बघूनच भरून आलं.

रजेचा पहिला दिवस. सकाळी ती दर वळणाला झाडावर आदळत होती. दुपारी तिला ब्रेक सापडला. संध्याकाळी ती जगातल्या कुठल्या कुठल्या अकरा लोकांबरोबर धावली आणि सातवी आली. मी मागे सोफ्यावर बसून टाळ्या वाजवत होतो. तिचा चेहरा असा झाला होता की मला ती नव्याने आवडायला लागली. (हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मधात बोलू नका, वळण आहे.")

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की नळाच्या पाण्यात चहा झाला असता. शुभांगी भाजी आणायला गेली होती. "मी येतोच. हात नका लावजा," ती सांगून गेली. तेवढ्यात टीव्हीवर इंग्रजीत सूचना आली: मशीन फार तापलंय, कृपया त्याला 'कूल' होऊ द्या.

आता मला सांगा, मे महिन्यात वर्ध्याच्या माणसाला 'कूल' शब्द वाचून दुसरं काय आठवेल? आमच्याकडे पाहुणा तापला की कूलरसमोर बसवतात. आजारी माणूस, आंब्याची पेटी, परीक्षेचे पेपर तपासणारा मास्तर, सगळ्यांना एकच उपाय. मी स्टूल आणलं, ते कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवलं, त्यावर मशीन ठेवलं. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या नव्या, पंप जोरात, पंखा तीन नंबरवर. शिवाय मी प्रेमाने मशीनची तोंडाची बाजू हवेकडे केली, म्हणजे आतपर्यंत गार वाटेल.

वीस मिनिटांनी शुभांगी आली. मशीनवर पाण्याचे टपोरे थेंब चमकत होते आणि त्याचा दिवा कायमचा विझला होता.

"काय करून राह्यले तुम्ही?"

"थंडं करून राह्यलो."

"झालं थंडं!"

मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. तिने पिशवी खाली ठेवली, वायर काढली, मशीन टॉवेलने पुसलं आणि शांत आवाजात विचारलं, "किती मिनिटं होतं? पंप सुरू होता काय? पाणी नळाचं का बोअरचं?" तिचा आवाज शांत होता, डोळे तसे नव्हते. दहा दिवसांतले दोनच झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा मागितलेली एक गोष्ट, आणि ती मी कूलरला वाहिली होती. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही मशीन मांडीवर घेऊन नागपूरला दुरुस्तीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "आत पाणी गेलं काय?" पाणी गेलं असेल तर वॉरंटी मिळत नाही, हे मी बसमध्येच वाचून ठेवलं होतं.

"छे! पाणी कुठलं? दमट हवा आहे हो आमच्याकडे."

(मे महिन्यात, वर्ध्यात, दमट हवा! हे उत्तर माझ्या विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.)

"खोटं काऊन सांगता जी?" शुभांगी म्हणाली. "हिस्ट्री चुकली की इलाज चुकते. दादा, वीस मिनिटं कूलरसमोर होतं. बोअरचं पाणी, क्षार लय आहेत. बंद पडल्यावर पुन्हा चालू करून पाह्यलं नाई."

तो माणूस उठून उभाच राहिला. "ताई, चालू नाई केलं हे लय चांगलं केलं. अन् बोअरचं सांगतलं म्हणून आत्ताच उघडून साफ करतो, नाई तं क्षारानं बोर्ड खाल्ला असता." वॉरंटी गेली, मशीन वाचलं. मी तिथे उभा राहून माझ्या बायकोकडे असा पाहत होतो की त्या माणसाने मलाही बसायला खुर्ची दिली.

दुरुस्तीचे पैसे मी भरले. मशीन परत यायला चार दिवस गेले. उरलेले तीन दिवस शुभांगी खेळली, आणि रजेच्या शेवटच्या संध्याकाळी, शेवटच्या वळणावर एकाला बाहेरून कापून, पहिली आली! दोन्ही हात वर करून ती ओरडली. शेजारचे काका धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी घाबरून मशीनपासून चार हात लांब सरकलो.

थोड्या वेळाने मागच्या गल्लीतल्या एका वहिनींचा फोन आला. त्यांनाही मशीन घ्यायचं होतं, एकूण किती खर्च येतो ते विचारत होत्या.

"मशीन काही महाग नाई, वहिनी," शुभांगी म्हणाली. "संग नवरा असला तं महाग पडते."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ती माझ्याकडे पाहून हसली. "छ्या वो! त्याची वॉरंटी तं कवाचीच संपली. पण बिघाड कुठं आहे ते मले पाठ झालं, आता नवा घेऊन कोण पुन्हा शिकते?"

इतकी चांगली शिफारस मला आजवर कुणी दिली नव्हती.