वाट्याच्या शेंगा

"तिथं नको बसू. ती खुर्ची वकीलसाहेबांची."

काकांनी पायानं स्टूल माझ्याकडं ढकललं. होसकोट्याला त्यांच्या हॉलमध्ये आम्ही चौघं. काका, आमच्या समाजातलेच एक वकील, मी. आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. ती दिरासमोर कधीच बसत नाही.

"इंग्लिश शाळेत शिकलीस ना? आज उपयोग होऊ दे. मी सांगतो, तू इंग्लिशमध्ये लिही. मग हे कबूल म्हणून वैनींची सही, तुझी सही."

मी लिहायला लागले. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून काकांचे सगळे अर्ज मीच लिहिते. के. आर. पुरममध्ये आम्ही त्यांच्या दोन खोल्यांत राहतो. त्यांनी बोलावलं की जायचं.

जमीन आजोबांची. दीड एकर. आजोबांच्या मागं वाटणी झालीच नाही. वाटा मागणं म्हणजे भावाला चोर म्हणणं, असं अण्णा म्हणायचे. काका कसत राहिले, कागदांवर त्यांचं एकट्याचं नाव लागलं. आता तिथं घरांच्या प्लॉटांचं लेआउट पडणार आहे.

"लिही. बारा वर्षांहून जास्त काळ जमीन माझ्या एकट्याच्या कबजात आहे. इथं तुमचं काही नाही, असं मी यांना तोंडावर सांगितलं होतं. हे गप्प बसले."

तेवढं लिहून माझं पेन थांबलं.

"असं कधी म्हणालात, काका?"

वकील हसले. "नसतील म्हणाले, तरी लिहायचं, अक्का. नुसतं कसून मालकी मिळत नाही. तुम्हाला माहीत असताना, तुमचा हक्क नाकारून कसायला लागते."

अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचं पोतं दर थंडीत त्याच शेतातून आमच्याकडं येतं. काका स्वतः आणतात. दारातूनच हाक मारतात, "अण्णाचा वाटा आणलाय." अण्णा गेल्यावरही हाक तीच. आई शेंगा सोलते, शेजारी वाटते, आठवडाभर दिराचं कौतुक करते.

"मग या थंडीत कुठला वाटा आणलात?" मी विचारलं.

वकिलांचं हसू थांबलं. "दर वर्षी देता? वाटा म्हणून? मग यांचा हक्क तुम्ही मानलात की!"

"स्वल्प भाजी दिली तर काय झालं?" काका ओरडले. मग आईकडं वळले. "वैनी, पोरीला सांगा, कुणाच्या छपराखाली राहता ते."

आईनं मान खाली घातली. "लिही गं बाई."

मी कागद पुन्हा वाचला. माझंच वळणदार अक्षर. त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं. आम्ही गप्प बसलो होतो. अण्णा लाजेनं, आई भीतीनं. माझ्या गप्प बसण्याला तर सगळे चांगलं वळण म्हणतात.

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"तो कागद इकडं दे."

"नाही. माझी सही मिळणार नाही."

"मग महिन्याच्या आत खोल्या रिकाम्या करा. दोघीही."

बसमध्ये आई खिडकीकडं तोंड करून रडली. घरी येऊन म्हणाली, "रस्त्यावर आणलंस मला." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. दुसरं घर अजून मिळालेलं नाही. काकांच्या पाया पडून ती सही करेल, हीही भीती आहे. तिनं केली तरी माझी मिळणार नाही.

वाटणीचा दावा मी लावणार आहे. माझ्या नावानं. कोर्टात उभी राहीन तेव्हा आवाज कापेल.

कापू दे.