अंबाडीचा दोर

ओल्या अंबाडीच्या दोराचा वास आला की माझी पाठ आजही आखडते. अमरावतीजवळच्या आमच्या गावात गुड फ्रायडेला येशूचा खेळ व्हायचा. त्या वर्षी बाबा येशू होते आणि धाकटे काका रोमी शिपाई. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघा भावांचा अबोला होता. फटके नुसते दाखवायचे असायचे. काकांनी दोर भिजवून आणला आणि फटके खरेच ओढले. बाबांची पाठ फुटली. लोक भक्तीनं रडत होते. मी पुढेच बसले होते, म्हणून बाबांचं हळू बोलणं ऐकू आलं.

"मार लेका. आज मी येशू आहो. सोमवारी धुऱ्यावर ये."

ईस्टर झाला. सोमवारी काका सदरा काढून, तोच दोर शेजारी ठेवून धुऱ्यावर पाठमोरे बसले होते. बाबांनी रक्त येईस्तोवर मारलं. तेव्हा वाटलं, बाबांनी क्षमा करायला हवी होती. आता वाटतं, ती काकांना पेलली नसती.