सिस्टरबाईंची अनामत

आमच्या नाचणगावच्या सिस्टरबाईंची अनामत घरमालकाने बुडवली, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. उरलेली अर्धी मी बुडवली.

बाईंचं बसणं तुम्ही पाहायला हवं होतं. पदर खोचून, पिशवी मांडीवर घेऊन त्या एकदा बसल्या, की त्यांना उठा म्हणायची कुणाची छाती होत नसे. सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. माझ्या शेजारची खोली मीच त्यांना मिळवून दिली. तेव्हा आमच्याकडे भाड्याचा कागद कुणी करत नसे. मधल्या माणसाचा शब्द हाच कागद. इथे मधला माणूस मी. माझ्यासमोर बाईंनी तीन महिन्यांचं भाडं अनामत दिलं आणि माझ्यासमोरच मालक म्हणाले, वर्षभर राहा, पण बदली झाली तर सगळे पैसे परत.

पाचव्या महिन्यात देवळीला बदली झाली आणि मालक फिरले. आधी चुन्याचा खर्च निघाला, मग भिंतीतले खिळे. बाईंनी त्यांना खोलीत नेलं.

"हे अकरा तुमचे. हे दोन माये," म्हणत दोन्ही उपटून पिशवीत टाकले. "आता बोला."

मालक बोलले, की मुदतीआधी जाणाऱ्याला अनामत मिळतच नाही.

मग दर सुटीला बाई एसटीने यायच्या आणि मालकाच्या दुकानाच्या ओट्यावर बसायच्या. गिऱ्हाइकाने विचारलं, की शांतपणे सांगायच्या, "ह्यायच्याकडं माये पैसे हायेत, बापा." लोक हसायचे. पण देवळीत अनामतीशिवाय खोली मिळेना, म्हणून ही बाई दवाखान्याच्या सामानाच्या खोलीत खोक्यांमध्ये झोपत होती. मालकाची गावात तीन घरं होती. आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

एकदा त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. "भाऊ, तुमी होते ना समोर? सांगा ह्यायले."

मालक तूर मोजता मोजता म्हणाले, "सांग ना. तुयी खोलीबी आपलीच हाय."

घरात बायकोला आठवा महिना होता. भरल्या दुकानात मी म्हणालो, मला नीट आठवत नाही.

बाई चिडल्या नाहीत. "काऊन, भाऊ?" एवढंच विचारलं. मांडीवरची पिशवी उचलली आणि उठल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत. मालकाने दुसऱ्याच महिन्यात माझं भाडं वाढवलं, तेही मी मुकाट्याने दिलं.

सहा वर्षांनी देवळीच्या दवाखान्यात मी रांगेत उभा राहिलो. बाईंचे केस पिकले होते. उकळत्या पाण्यातून सुई काढत, वर न बघता त्यांनी विचारलं, "काय होते?"

मागे पंधरावीस माणसं होती. त्यांनाही ऐकू जाईल असं बोललो.

"काही होत नाही, बाई. मालक तुमचे सगळे पैसे देणं लागत होते आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. माझी खोली जाईल म्हणून मी खोटं बोललो. मला माफ करा."