उतरवलेली लिंबं

दिवाळीच्या सुटीत मी सानगडीजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा आत्या मागच्या खोलीत पडून होती. खोलीत लिंबाच्या सालीचा वास कोंडला होता.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिला ताप आला होता. तळ्यात बुडून मेलेल्या बाईनं धरलंय, असं सांगून मांत्रिकानं आंबट आणि हिरवं बंद केलं. तेव्हापासून ताटात नुसता भात आणि मीठ. ताप गेला, पण पायांवर काळेनिळे डाग उठू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. लहानपणी विळा लागून भरलेली पोटरीवरची जखम पुन्हा उघडली. ती दाखवत आत्या म्हणाली, "पाह्य बाबू, ती जुन्या दारानं आत येऊन राहिली."

माझ्या अंगावर काटा आला. भंडाऱ्याला कॉलेजात सरांनी हेच सांगितलं होतं: क जीवनसत्त्व मिळेनासं झालं की जुन्या खलाशांच्या भरलेल्या जखमा अशाच उघडत. पण ते वर्गात ऐकणं वेगळं होतं.

मी लिंबाचं पाणी करून आणलं. आत्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. "आंबट पोटात गेलं का ती मले घेऊन जाईन."

दिवे लागायच्या वेळी मायनं रोजच्यासारखी लिंबं आत्यावरून उतरवली, चिरली आणि खाटेच्या पायांशी ठेवली. सकाळी ती लिंबं तळ्यात टाकली जायची. औषध रोज आत्याभोवती फिरत होतं आणि ती मधोमध झिजत होती.

मी त्यातली एक फोड उचलली.

"ठेव ते!" माय ओरडली. "उतरवलेलं खाल्लं त तुले धरन ती! शिकला म्हणून लय शहाणा झाला का रे?"

"धरू दे."

मी फोड तोंडात पिळली. रसाला तळ्यातल्या गाळाचा वास आहे असं वाटलं. आत्या पापणी न हलवता माझ्याकडे पाहत होती.

"तुले काई नाई झालं?"

"नाई."

"मंग आण."

पहिल्या घोटालाच ती किंचाळली. उघड्या हिरड्यांना आंबट झोंबलं होतं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "जळते रे! ती निघून राहिली का?"

मायही माझ्याकडे पाहत होती.

"हो आत्या," मी म्हणालो, "निघून राहिली."

आत्यानं डोळे मिटले आणि ग्लास रिकामा केला.