तोफेच्या मुखातलं तीर्थ

मानसिंगरावांचे आजोबा तोफखान्यावर, वडील तोफखान्यावर, आणि मानसिंगराव स्वतः वीजघरात. धार आणि देवासच्या मधल्या त्या चिमुकल्या जहागिरीत तोफा उरल्या होत्या दोनच, त्याही सलामीपुरत्या. वडिलांकडे, म्हणजे कृष्णरावांकडे, वर्षाकाठी एकच काम राहिलं होतं: खंडेनवमीची शस्त्रपूजा. पण त्या एका सकाळसाठी म्हातारा वर्षभर जगायचा. जरीची पगडी, निसरपूरच्या घाटावरून आणवलेलं नर्मदेचं पाणी, आणि कुणी मध्ये तोंड घातलंच तर "गप रे, तुला काय कळतंय!"

एकोणीसशे पंचवीसच्या सुमाराला जहागीरदारांनी वीज आणली. वाड्यामागे ट्रान्सफॉर्मर बसला. तेलानं भरलेली लोखंडी टाकी, आत तारांची वेटोळी. वीजघराकडून येणारा जबर दाब उतरवून तो दिव्यांना झेपेल इतका करायचा. गाव त्याला नुसतं 'डबा' म्हणे. वीज रात्रीचीच, दिवसा डबा थंडगार. त्या साली खंडेनवमीला डब्याचीही पूजा झाली, आणि ती अर्थातच कृष्णरावांनी केली.

पुढे लक्ष्मीपूजनाला वाडा झगमगला आणि घटकाभरात डब्यातून धाडकन आवाज येऊन सगळीकडे अंधार गुडुप. जहागिरीचा कारभार पाहणारे कामदारसाहेब भडकले. वीज सोडायच्या कामावर उमाशंकर होता, आयताच सापडला.

"यानंच हौसेनं दिवे वाढवले आणि डबा जाळला," कामदार म्हणाले. "मानसिंगराव, तुम्ही उघडून बघा. दुसरं कारण निघालं नाही, तर हा उद्यापासून घरी."

"भिया, मी एक दिवा वाढवला नाही, कसम से," उमाशंकर म्हणाला. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, मिळवता हा एकटा.

मानसिंगरावांनी डबा उघडला. भार जास्त झाला असता तर सगळीच वेटोळी करपली असती. इथे बाकीची तार स्वच्छ. एकाच जागी तारेवर गुंडाळलेला कागद फुटून भोक पडलेलं. म्हणजे भार नव्हे, ओल. त्यांनी टाकीच्या तळाच्या तोटीतून बाटलीभर तेल काढलं आणि घरी आणलं.

"ते घाणेरडं तेल माझ्या चुलीजवळ आणाल तर बघा!" बकुळाबाई नवऱ्यावर कडाडल्या. म्हणून परसात शेगडी पेटवली. सळई लालभडक करून तेलात बुडवली, आणि ओल्या पळीनं फोडणीत यावं तसं तेल तडतडलं.

"पाणी आहे यात," मानसिंगराव स्वतःशीच म्हणाले. "पण झाकण घट्ट. पाणी शिरलं कुठून?"

ओट्यावर कृष्णराव पान लावत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"नर्मदेचं आहे ते," ते म्हणाले.

"म्हणजे, आबा?"

"अरे, शस्त्राला वरून पाणी शिंपडून काय होतं? तोफेच्या मुखात तीर्थ घालायचं असतं. चार पिढ्या घालतोय आपण. डब्याला मुख दिसेना, म्हणून वरची चकती फिरवून काढली. लोटाभर घातलं. चकती परत घट्ट बसवली हो."

मानसिंगरावांनी सळई खाली ठेवली. खरं सांगावं तर बापाची पगडी जाते. न सांगावं तर उमाशंकराची चूल विझते. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. कामदारांना आता काय सांगू, एवढाच विचार करत ते शेगडीपाशी बसून राहिले.

"त्या पोराला काढताहेत ना?" कृष्णरावांनी विचारलं.

"हो."

म्हातारा उठला. वर्षातून एकदाच बाहेर निघणारी पगडी त्यानं पेटीतून काढली, डोक्यावर ठेवली आणि थेट कामदारांकडे गेला. मानसिंगराव मागोमाग.

"मान माझा, चूकही माझी," तीर्थाची हकीकत सांगून कृष्णराव म्हणाले. "पोरगा निर्दोष आहे."

कामदार रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. पोट धरधरून हसले. उमाशंकर कामावर राहिला आणि यापुढे बाहेरच्या कुणी डब्यापाशी फिरकू नये असा हुकूम निघाला. गावातही डब्याला आंघोळ घालणारे आबा म्हणून महिनाभर करमणूक झाली. मानसिंगरावांना फार वाईट वाटलं.

पुढच्या खंडेनवमीला तोफांची पूजा उरकून कृष्णराव सवयीनं वाड्यामागे गेले आणि नव्या कुंपणाबाहेर थांबले. हातात लोटा. आतून उमाशंकरनं पाहिलं. आपला मोठा पाना ताटलीत ठेवून तो बाहेर आला.

"आबासाहेब, याची पूजा राहिलीय."

कृष्णरावांनी आधी लोटा निंबाच्या बुंध्याशी पूर्ण रिकामा केला. मग पान्याला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. आणि परत देण्याआधी तो पाना त्यांनी आपल्या उपरण्यानं पुसला, उलटून पाहिला, पुन्हा एकदा पुसला.

"कोरडा आहे," ते म्हणाले. "घेऊन जा."