हिरव्या शाईची पुस्तकं

तिघी बहिणींतली सगळ्यात धाकटी, म्हणून घरात ती बारकी. वसतिगृहात सोडायला आलेल्या थोरलीने पहिल्याच दिवशी जिन्यातून "बारके, उशी राहिली गं!" अशी हाळी दिली, आणि तेव्हापासून तिथेही ती बारकीच झाली. फिजिओथेरपीचं दुसरं वर्ष चालू होतं.

शेजारच्या खोलीत तिच्या पुढच्या वर्षाची एक मुलगी राहायची. बारकी तिला ताई म्हणायची. ताईच्या टेबलावर प्लॅस्टिकची कवटी असे आणि तिला कायम लोकरीची टोपी घातलेली असे. "सर्दी होते बिचारीला," ताई गंभीर चेहरा करून सांगायची. पुस्तकांच्या कडेला ती हिरव्या शाईने बारीक अक्षरात लिहायची. अडलेल्या पोरी तिच्याकडे जायच्या, आणि ताई स्वतःच्या खांद्यावर, मनगटावर बोटं ठेवून त्यांना हाडं शिकवायची.

त्या सोमवारी प्रात्यक्षिकात बारकीची खांद्याच्या सांध्यावर दांडी उडाली. मॅडमनी पाच प्रश्न विचारले, पाचही वेळा तिची दातखीळ बसली. "पेशंटसमोर पण अशीच उभी राहणार का?" मॅडम म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला. बारकी तशीच खोलीवर आली, कडी लावली आणि उशीत तोंड खुपसून पडली.

दुपारचे तीन वाजले असतील. दारावर दोन थापा पडल्या. थोडं थांबून आणखी एक.

"बारके, आहेस का गं?"

ताईचा आवाज होता. बारकीने श्वास रोखून धरला. डोळे सुजलेले, नाक लाल. असं तोंड घेऊन कुणासमोर जायचं? बाहेर थोडा वेळ काहीच हललं नाही. मग चपलांचा आवाज दूर गेला.

पाच वाजता न्हाणीघराकडून किंकाळी आली. ताई फरशीवर पडली होती. डोक्यातली शीर फुटली होती. बुधवारी सकाळी ती गेली.

"थोडं आधी आणलं असतं तर?" रेक्टरबाईंनी विचारलं होतं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "काही सांगता येत नाही." रेक्टरबाईंनी ते सगळ्या पोरींना सांगितलं. पोरींनी ऐकलं आणि रडल्या. बारकीच्या मात्र काळजात ते चार शब्द रुतून बसले. ताई कशाला आली होती? डोकं दुखत होतं म्हणून? की नुसतीच गप्पा मारायला? हे आता कुणाला विचारायचं?

तिने कुणाला काही सांगितलं नाही. थापा मात्र तिला ऐकू येत राहिल्या. जेवताना पलीकडच्या टेबलावर कुणी भांडं आपटलं, की तिचा घास हातात राहायचा. वर्गात खडू फळ्यावर टेकला, की ती दाराकडे बघायची. गुरुवारी तर ती दोनदा उठून कडी काढून आली. बाहेर कुणी नव्हतं. मोकळ्या व्हरांड्यात कुणाचातरी वाळत घातलेला टॉवेल तेवढा हलत होता.

शुक्रवारी ताईचे वडील खोली रिकामी करायला आले. उंच, थोडे वाकलेले. "तिची मैत्रीण कोण होती?" त्यांनी विचारल्याचं बारकीने जिन्याच्या वळणावरून ऐकलं आणि ती तशीच वर पळाली.

शनिवारी तिला बाहेर पडावंच लागलं. येत्या बुधवारी फेरपरीक्षा होती आणि तिच्या पुस्तकातली खांद्याची पानं आधीच्या मालकाने फाडून नेलेली. चौकाजवळ जुन्या पुस्तकांचं दुकान होतं, पुढून चिंचोळं आणि आत बोगद्यासारखं लांब. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा शोधणाऱ्यांपैकी.

"शरीररचनेचं? कालच गठ्ठा आलाय बघ. अगदी स्वच्छ. कडेला लिहिलंय जरा, पण चालेल तुला."

बारकीने वरचंच पुस्तक उघडलं. कडेला हिरवी अक्षरं होती. ती तिथल्या स्टुलावर बसली. पानं उलटत गेली. खांद्याच्या चित्राशेजारी लिहिलं होतं, 'हा स्नायू म्हणजे आमची आत्या. काम थोडं, तक्रार फार.' बारकीला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही कोसळलं.

तेवढ्यात दारात कुणीतरी धापा टाकत आलं. ताईचे वडील होते.

"काल मी माझ्या मुलीची पुस्तकं दिली होती," ते दुकानदाराला म्हणाले. "मला परत हवीत. सगळी. दोन्ही हातांत सामान होतं, उचलवेनात, म्हणून... घरी गेलो तर तिची आई एवढंच म्हणाली, पुस्तकं कुठायत? दुसरं काही बोललीच नाही. पहाटेच्या गाडीने निघालो."

दुकानदाराने चष्मा हातात घेतला. "तीन सकाळीच गेली हो. कोणी नेली, कसं सांगू? बाकीची घेऊन जा. पैशांचं राहू द्या."

वडिलांनी मान हलवली. मग त्यांची नजर बारकीच्या मांडीवरच्या पुस्तकावर गेली. ती उठली, पुस्तक पुढे केलं.

"तू ओळखायचीस का तिला, बाळ?"

आता पळायला जिना नव्हता. बारकीने सांगून टाकलं. नापास झाल्याचं, कडी लावल्याचं, थापांचं. "मी आत होते, काका. जागी होते. तरी उघडलं नाही."

ते पुस्तकांच्या थप्पीला टेकले. रागावतील, निदान तोंड तरी फिरवतील, असं तिला वाटत होतं.

"आवाज कसा होता तिचा?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"म्हणजे दुखत असल्यासारखा होता का? घाबरलेला?"

बारकीने डोळे मिटले. पाच दिवस जो आवाज ती कानांतून घालवू बघत होती, तो आता नीट ऐकला. "नाही. नेहमीसारखाच. शेवटचा शब्द जरा ओढायची ना, तसा."

"आठ दिवस फोन नव्हता झाला आमचा. रविवारी ती करणार होती, मी बाहेर होतो." त्यांनी ओठ आवळले. "काय म्हणाली, ते परत एकदा म्हण बघू."

"बारके, आहेस का गं?"

"हं," ते म्हणाले. "अस्संच."

बारकी बसथांब्यापर्यंत एक गठ्ठा उचलून गेली. बस सुटताना त्यांनी दोरी सैल करून तेच पुस्तक काढलं आणि खिडकीतून तिच्या हातात दिलं. "परीक्षा झाली की आणून दे. घरीच ये."

बुधवारी ती काठावर पास झाली. आत्याच्या स्नायूचं नाव विचारलं तेव्हा न अडखळता सांगितलं. थापा थांबल्या नव्हत्या. फक्त आता ती दचकून उठायची नाही, होतं ते काम हातात धरून ऐकत राहायची.

पंधरा दिवसांनी पुस्तक घेऊन ती त्यांच्या घरी गेली. ताईच्या आईने ते घेतलं, शेल्फात ठेवलं, चहा दिला. तासभर वडीलच बोलत होते. बारकी निघायला उठली, तेव्हा आईने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं.

"का नाही उघडलंस?"

"मी रडत होते," बारकी म्हणाली. "कुणी बघू नये असं वाटलं."

आई तिच्याकडे बघतच राहिली. त्या नजरेत माफी होती की नव्हती, हे बारकीला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढेही कधी कळलं नाही. मग आई स्वयंपाकघरात गेली. आतून पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.

"बस जरा," आई आतून म्हणाली. "गार झाला होता तो चहा. दुसरा टाकते."